क्षणांचा हिशेब

एखादा कारकून महत्त्वाचा हिशेब करीत बसला असतां कोणी घडोघडी येऊन "एवढें टिपून घ्या" असें म्हणूं लागला, तर हिशेब वेळेवर कसा पुरा व्हावा? नेमकी हीच पाळी २० जुलै १९६९ या दिवशीं एका गणकयंत्रावर आली. आणि तीही चंद्राच्या पृष्ठभागापासून थोड्याच मैलांवर!

'अपोलो ११' मोहिमेंतील नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन हे चंद्रयानांतून खालीं उतरत होते. इंजिनाचा जोर व यानाचा रोख गणकयंत्र सांभाळीत होतें. दर दोन सेकंदांनीं यानाची स्थिति व वेग ठरवून इंजिनास पुढील आज्ञा द्यावयाची, हें त्याचें मुख्य काम. बाहेरील उपकरणाकडून विजेचा स्पंद आला, कीं चालू काम थांबवून तें एक आकडा वाढवी अथवा घटवी. अशा प्रत्येक व्यत्ययास ११.७ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं सुमारें बारा भाग, खर्ची पडत.

त्या दिवशीं रडारच्या अँटेनाचा कोन मोजणाऱ्या उपकरणांत एक दोष प्रकट झाला. त्यास दोन ठिकाणांहून मिळणाऱ्या विजेच्या लहरींची गति एक होती, पण ताल जुळत नव्हता. अँटेना जागचा हलत नसतांहि दोन कोनांचे मिळून सेकंदास १२,८०० पर्यंत स्पंद येऊं शकत. गुणाकार करून पाहावा: यंत्राचा जवळजवळ सातवा हिस्सा वेळ या निरर्थक मोजणींत जाई! दोन सेकंदांचें काम दोन सेकंदांत संपेना. जुनें अपुरें असतांनाच नवें पुढें उभें राही. अखेर कामें मांडून ठेवण्याची जागाच सरली आणि पडद्यावर '१२०२' हा धोक्याचा आकडा झळकला.

परंतु हॅल्कोम लेनिंग यांनीं या यंत्रासाठीं कामांची उतरंड आधींच लावून दिली होती. गर्दी अनावर होतांच यंत्र सर्व कामें बाजूस सारी आणि अत्यावश्यक तेवढींच, जेथें सुटलीं तेथून, पुन्हां हातीं घेई. उतरतांना पांच वेळां इशारा झाला. इंजिनाचें नियंत्रण एकदांहि सुटलें नाहीं. ह्यूस्टन येथें जॅक गार्मन व स्टीव्ह बेल्स या तरुणांनीं इशाऱ्याचा अर्थ ओळखून "पुढें चला" असा कौल दिला, कारण कांहीं दिवसांपूर्वींच्या तालमींत चुकल्यावर त्यांनीं प्रत्येक आकड्याची टिपणी करून ठेवली होती.

आज विजेच्या मोटारी चालविणाऱ्या नखाएवढ्या चकतीपुढेंहि हाच प्रश्न असतो. फिरत्या दांड्याचा स्पंद आला, कीं ठराविक क्षणींच विजेचा प्रवाह बदलावा लागतो. उशीर झाला, तर मोटार हिसका देते. केवळ वेग वाढवून हें साधत नाहीं. वेळ अपुरा पडला तर काय राखावें आणि काय सोडावें, याचा निर्णय संकटापूर्वींच, शांत चित्तानें, करून ठेवावा लागतो. हें जितकें यंत्राचें, तितकेंच माणसाचेंहि शहाणपण होय.