युनियनच्या पहिल्या पानावर कोणाची मागणी?

मागच्या महिन्यात कंत्राटी सफाई कामगारांच्या एका युनियनची नवी वेबसाईट पाहायला मला बोलावलं होतं. आपल्याच वस्तीतल्या दोन मुलांनी रात्री जागून बनवलेली. वर सरकणारे मोठे फोटो, अध्यक्षांचा संदेश, 'आमचे ध्येय', सभेतले हारतुरे. मागणीपत्र होतं, पण पाचव्या पानावर आणि तेही स्कॅन केलेलं. एका ताईच्या मोबाईलवर ते उघडेचना. तिनं विचारलं, "माझा पीएफ कापतात, पण भरतात का, ते यात कुठं कळंल?" ते कुठंच नव्हतं.

पोरांना नावं ठेवायला हे लिहीत नाही. कामगारांपर्यंत कसं पोहोचायचं हा प्रश्न इंटरनेटनं आणलेला नाही. मुंबईत तो १४० वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तर शोधणारा माणूस सत्यशोधक होता.

'दीनबंधू' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलं. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे ते मुंबईतून चालवू लागले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या बघा: आठवड्यातून रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अधू झाला तर निर्वाहाची सोय.

यात वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही ही यादी एकदा ऐकून पाठ झाली असती, आणि मालकाला 'विचार करू' म्हणून निसटायला जागा नव्हती. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला झालेल्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या.

पुढं १८९२ च्या सरकारी अहवालात लोखंड्यांच्या संघटनेवर शेरा आला, की तिला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. लोखंडे फक्त आलेल्या कामगाराला सल्ला देतात. अभ्यासक हा शेरा उणीव म्हणून सांगतात, आणि ती उणीव होतीच. पण मला तो उलटा वाचावासा वाटतो. ज्या काळात ट्रेड युनियन कायदाच नव्हता (तो आला १९२६ मध्ये), त्या काळात अडलेल्या गिरणी कामगाराला जायला एक दार होतं. आपल्या कितीतरी नोंदणीकृत युनियनच्या वेबसाईटवर सगळं आहे, फक्त ते दार नाही. फोन नंबर असतो, तो लागत नाही.

पण साधेपणावरच थांबलो तर फसू. यादी छोटी करताना कोणाची मागणी गळते, हा खरा प्रश्न. १९२८ च्या गिरणी संपात तो बाबासाहेबांनी विचारला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथं अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना 'विटाळ' होत होता! लाल बावट्याच्या मागण्यांत याचा उल्लेख नव्हता. सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क मागण्यांत घ्या, नाहीतर त्यांना संपात जाऊ नका असं सांगेन, असं बाबासाहेबांनी बजावलं. तेव्हा कुठं नेत्यांनी नाखुशीनं ती मागणी घेतली. वर्गाची एकजूट म्हणून जे कागदावर येतं, त्यातून जात अशी गुपचूप वगळलेली असते.

आमच्या वेबसाईटचं आता एकच पान उरलंय. फोटो काढले, त्यामुळे ते कमी नेटवर्कलाही उघडतं. मजकूर मराठीत टाईप केलेला, कानानं ऐकता येईल असा. किमान वेतनाचा चालू आकडा आणि तो कधी बदलला ती तारीख. पीएफ भरला का ते कसं बघायचं. संध्याकाळी सात ते नऊ उचलला जाणारा नंबर. सभासदांची नावं आम्ही मुद्दाम टाकली नाहीत. वेबसाईट ठेकेदारही वाचतो.

अडलंय ते एका ओळीवर. 'गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरायला सांगितलं तर नकार द्या, २०१३ च्या कायद्यानं अशा धोकादायक सफाईला बंदी आहे' ही ओळ मी सगळ्यात वर लिहिली. कमिटीतले दोघं म्हणाले, हा जातीचा विषय, सगळ्या कामगारांचा नाही, खाली घ्या. मी १९२८ ची गोष्ट सांगितली. ते गप्प बसले, पण हो म्हणाले नाहीत. निर्णय येत्या रविवारच्या सभेत आहे.