सतरा सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी धाराशिवात झेंडा वर चढला की माझे मन नळदुर्गला जाते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने बोरी नदीवरील पूल शाबूत हाती घेतला, नळदुर्गचे ठाणे जिंकले, आणि दुपारी त्याचे रणगाडे उमरग्याला पोचलेही. पाचव्या दिवशी निजाम शरण आला. दिल्लीने या लढाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले. (रणगाडे बाळगणारे पोलीस विरळाच!) रझाकारांचा जाच ज्यांनी सोसला, त्यांच्या लेखी मात्र तो मुक्तिसंग्रामच.

पण व्यासपीठावरची भाषणे सतरा तारखेपाशी थांबतात. त्यानंतर याच जिल्ह्यात मुसलमान वस्त्यांवर काय गुदरले, हे कोणी सांगत नाही. नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती धाडली होती. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, म्हणजे आपले धाराशिव, घातले. सबंध संस्थानातील बळींचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. तो अहवाल कित्येक दशके दप्तरातच बांधलेला होता.

यंदा झेंडावंदन आटोपून मी शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांना विचारले, “तेव्हा आपण कुठे होता?” त्यांनी हातातला पेढा मला दिला. म्हणाले, “लहान होतो. आई रानात घेऊन बसली होती.”