कुंभारीण

कुंभारीण : (कुंभारमाशी). चिखलाचे घर बांधून त्यात पिल्लांसाठी जिवंत भक्ष्य साठवणारी, एकेकटी राहणारी, बारीक कमरेची माशी. पावसाळ्याच्या सुमारास अंगणात, ओसरीच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीला किंवा देवघरातील तसबिरीमागे ती अचानक दिसू लागते आणि ‘हा कोणता किडा?’ असा प्रश्न घरात उभा राहतो. उत्तर शोधताना बहुतेकांची नजर रंगावर जाते. पण काळ्या-पिवळ्या अंगाचे कीटक डझनावारी आहेत, त्यामुळे येथे रंग हा सर्वांत कच्चा पुरावा ठरतो. ती चिखल कोठून आणते, घराला कसला आकार देते आणि त्यात काय भरते हे थोडा वेळ उभे राहून पाहिले, तर ओळख बरीचशी पक्की होते.

कुंभारीण ही एकच जाती नव्हे. मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्या ज्या हायमेनॉप्टेरा गणात येतात, त्याच गणातील निदान दोन वेगळ्या कुलांतील कीटकांना आपण हे नाव देतो. एक स्फेसिडी कुल. त्यातील स्केलिफ्रॉन प्रजाती घराच्या भिंतींवर नेहमी आढळते. दुसरे व्हेस्पिडी कुल. त्यात डेल्टा, यूमेनीस, रिंकियम या प्रजाती येतात. नात्याने यूमेनीस गांधीलमाशीला जवळची, स्केलिफ्रॉन दूरची. तरी मातीकाम दोघींनाही येते.

प्रथम पंख पाहावेत. कुंभारिणीला पंखांच्या दोन जोड्या असतात. अंगावर पिवळे पट्टे मिरवणाऱ्या, फुलांवर अधांतरी तरंगणाऱ्या निरुपद्रवी माश्यांना एकच जोडी असते; दुसरीच्या जागी इवल्याशा गाठी उरलेल्या असतात. त्या माश्यांना कमर नसते आणि स्पृशाही आखूड असतात. यानंतर कमर पाहावी. स्केलिफ्रॉनमध्ये छाती आणि पोट यांना जोडणारा भाग लांब, सरळ दांड्यासारखा असतो, बऱ्याच जातींत तो पिवळा दिसतो. लांबी साधारण दीड ते दोन सेंमी. डेल्टामध्ये हा दांडा पोटाकडे रुंदावत जातो आणि पोट फुगीर असते. माशी बसलेली असताना पंखांकडे लक्ष दिल्यास आणखी एक खूण मिळते : व्हेस्पिडी कुलातील माश्या पुढचे पंख लांबीत दुमडून ठेवतात, त्यामुळे ते अरुंद पट्टीसारखे दिसतात. स्केलिफ्रॉनचे पंख दुमडत नाहीत. समोरून छायाचित्र घेता आले, तर डेल्टाच्या डोळ्याला आतल्या बाजूने खाच दिसते. वरून घेतलेल्या एकाच छायाचित्रात यातले फारसे काही उमटत नाही. बाजूने, समोरून आणि घरट्यासह घेतलेली छायाचित्रे जास्त उपयोगी पडतात.

चिखल आणण्याची रीत मात्र दुरूनही पाहता येते. नळाखाली किंवा डबक्याच्या कडेला ओल्या मातीवर बसून, पोट वर उचलून, जबड्यांत चिखलाची गोळी वळणारी माशी दिसली तर ती बहुधा स्केलिफ्रॉन. डेल्टा आणि यूमेनीस आधी पाणी पिऊन येतात, कोरड्या मातीवर ते ओकून ती भिजवतात आणि मग गोळी उचलतात. स्केलिफ्रॉन गोळी भिंतीवर लावताना अंग थरथरवते, तेव्हा बारीक गुणगुण ऐकू येते. या कंपनांमुळे चिखल सैल होऊन नीट पसरतो. ही गुणगुण रागाची समजून घाबरण्याचे कारण नाही.

घराचा आकार सर्वांत बोलका. स्केलिफ्रॉन लांबट नळीसारख्या कोठड्या एकीला लागून एक बांधते आणि शेवटी सगळ्यांवर चिखलाचा जाड लेप देते. पूर्ण झालेले घरटे भिंतीवर कोणी मूठभर चिखल फेकून मारल्यासारखे दिसते. यूमेनीस अरुंद गळ्याचा, बाहेर वळलेल्या काठाचा सुबक घडा करते. डेल्टाही असे घडे करते, काही जाती ते एकमेकांना जोडून वरून लिंपतात. रिंकियम बांधण्यापेक्षा आयती भोके पसंत करते : बांबूची पोकळी, कुलपाचे छिद्र, लाकडातील जुने भोक. ते ती आतून कप्पे करून चिखलाने बुजवते. भिंतीवर जमिनीपासून वर चढत गेलेली मातीची अरुंद रेघ असेल, तर ते कुंभारिणीचे काम नव्हे, वाळवीचे आहे. ती रेघ थोडी खरवडली की आत पांढुरके कीटक दिसतात.

आता घरात काय भरले जाते ते. स्केलिफ्रॉन कोळी आणते, डेल्टा, यूमेनीस आणि रिंकियम अळ्या आणतात. नांगीतील विषाने भक्ष्य मरत नाही, लुळे पडते, म्हणून ते कुजत नाही आणि पिल्लाला ताजे अन्न मिळते. कोठडीत अनेक कोळी किंवा अळ्या ठासून भरलेल्या असतात. एकच मोठा कोळी जमिनीवरून ओढत नेणारी माशी दिसली तर ती पॉम्पिलिडी या तिसऱ्याच कुलातली समजावी.

भक्ष्य घरात कोंडण्याचे हे दृश्य आपल्या परंपरेनेही बारकाईने पाहिले होते. माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, काही दिवसांनी तेथून अळी नव्हे तर माशीच बाहेर पडते. भयाने का होईना, अळीने माशीचे अखंड ध्यान केले आणि ती तद्रूप झाली, असा अर्थ त्यातून काढला गेला. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे, आणि त्याच स्कंधावरील एकनाथी भागवतामुळे, जे वाराणसीत १५७३ मध्ये पूर्ण झाले, हा दृष्टान्त मराठी घराघरांत पोचला. अध्यात्मातील त्याचे मोल वेगळे. कीटकशास्त्राच्या बाजूने पाहता निरीक्षण अस्सल होते, मधले अंडे तेवढे नजरेआड राहिले. यूमेनीस घडा पूर्ण होताच, एकही अळी आणण्याआधी, आतल्या छताला बारीक तंतूने अंडे टांगते आणि त्यानंतर भक्ष्य भरून तोंड लिंपते. स्केलिफ्रॉन अंडे कोळ्याच्या अंगावर घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू साठा संपवते, कोश करते आणि प्रौढ माशी मातीला गोल भोक पाडून निघते.

मात्र त्या भोकातून दर वेळी कुंभारीणच निघते असे नाही. स्टिल्बम नावाची झगझगीत हिरवी-निळी माशी कुंभारिणीच्या कोठडीत आपले अंडे घालते आणि तिच्या पिल्लाच्या जागी स्वतःचे पोसून घेते. धोका वाटला की ती अंगाचा गोळा करते. जुन्या घरट्यांत कॅलिबिऑन नावाची निळसर काळी माशीही राहते. म्हणून केवळ घरट्याजवळ दिसली यावरून जात ठरवू नये.

दंशाबद्दल : नांगी फक्त मादीला असते. पुष्कळ माश्यांनी मिळून राखलेले कागदी पोळे असेल, तर ती गांधीलमाशी. त्याला धक्का लागला की साऱ्या तुटून पडतात. कुंभारिणीचे घर राखायला सैन्य नसते आणि ती त्यासाठी माणसावर धावूनही जात नाही. हातात पकडली किंवा कपड्यात अडकली तरच डसते. बागेतील अळ्या आणि घरातील कोळी ती कमी करते, तेव्हा भिंतीवरचा चिखल काही आठवडे सहन करणे फायद्याचे आहे. गोल भोके पडलेले घरटे बहुधा रिकामे असते, ते खरवडून काढावे. लिंपलेले, बिनभोकाचे घरटे तसेच ठेवावे.

आयती भोके बुजवण्याच्या सवयीचे गंभीर परिणामही झाले आहेत. विमानाचा वेग मोजणारी पिटो नळी अशा मातीने बंद होऊ शकते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून उडालेले बर्जनएअरचे विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्यू पावले. नळी हाती न लागल्याने कारण सिद्ध झाले नाही, पण मातीचे घरटे हाच प्रमुख संशय राहिला. ब्रिस्बेन विमानतळावर पॅकोडायनेरस या मूळच्या अमेरिकेतील कुंभारिणीमुळे असे अडथळे प्रत्यक्ष आढळले आहेत. उभ्या विमानाच्या नळ्यांवर आच्छादने घालतात त्यामागे हेही एक कारण आहे.

जातीपर्यंतची ओळख पटवायची असल्यास सी. टी. बिंगहॅम यांचा भारतातील गांधीलमाश्या व मधमाश्यांवरील १८९७ मधील ग्रंथ अजूनही आधाराला घेतला जातो. नावे मात्र पुढे बदलली आहेत. महाराष्ट्रात पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत कीटकांचे नमुने जतन केलेले आहेत. मेलेली माशी सापडल्यास ती कोरड्या डबीत, ठिकाण आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवावी. सोबत घरट्याचा तुकडा आणि आत उरलेले कोळ्याचे पाय असतील, तर तपासणाऱ्याचे काम निम्मे होते.