जत्रा उठली, आता मांडवाचं काय?

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून बोलणं थोडं नीट केलंय.)



मागच्या महिन्यात इचलकरंजीला घरी गेलो होतो. रात्री जेवताना बाबांनी विषय काढला, "शेड पाडूया का?"

शेड म्हणजे आमचा कारखाना. आजोबांनी आठ मागांवर सुरू केलेला. दोन वर्षांपूर्वी माग भंगारात गेले, किलोच्या भावानं. आता तिथं उरलीय ती तेल मुरलेली फरशी, वर पत्रे, आणि भिंतीवर आजोबांनी पेन्सिलनं लिहिलेले बीमचे हिशोब. मी लगेच म्हणालो, "नको, पाडू नका." बाबांनी शांतपणे विचारलं, "मग करायचं काय तिचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुण्याला परतताना एसटीत तेच डोक्यात. ज्या कामासाठी वास्तू बांधली ते काम संपलं, तर पुढं तिचं काय होतं? मग आठवलं, जगात एक जातच आहे अशा इमारतींची, ज्यांचं काम संपणार हे बांधायच्या आधीच ठरलेलं असतं. जागतिक प्रदर्शनाच्या इमारती. सहा महिन्यांची जत्रा, त्यासाठी अवाढव्य मांडव. आजचा भाग त्या मांडवांवर.

सुरुवात लंडनपासून. १८५१ साली हाइड पार्कमध्ये पहिलं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी उभा राहिला क्रिस्टल पॅलेस, लोखंडाचा आणि काचेचा. आराखडा जोसेफ पॅक्स्टनचा. हा माणूस माळीकाम आणि काचघरं बांधण्यात मुरलेला. त्यानं युक्ती साधी केली : एकाच मापाचे खांब, तुळया आणि काचा कारखान्यात बनवायच्या आणि जागेवर आणून नुसत्या जोडायच्या. त्यामुळं सुमारे ५६० मीटर लांबीची इमारत वर्षाच्या आत उभी राहिली. साठ लाखांवर लोक येऊन गेले. आणि भावांनो, तिथं वाफेवर चालणारी सूतकताईची आणि विणकामाची यंत्रं प्रत्यक्ष चालवून दाखवत होते. त्या खटखटाटाचा धागा पकडून बघा : आपल्याकडे विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ मध्ये. म्हणजे त्यानंतर अर्ध्या शतकानं.

ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन संपलं. इमारत जोडलेली होती, म्हणून उकलताही आली. सगळं सामान सिडनहॅमला नेलं, आणखी मोठी इमारत उभारली आणि १८५४ मध्ये ती लोकांसाठी उघडली. मैफली, बागा, कारंजी, सगळं होतं. पण एवढा डोलारा सांभाळायचा खर्च पुढं पेलेना. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आग लागली आणि सगळं संपलं.

आता मुंबईत या. काळा घोड्याजवळ एक उंच, थकलेली इमारत आहे, एस्प्लनेड मॅन्शन. तिचं मूळ नाव वॉटसन्स हॉटेल. ही प्रदर्शनाची इमारत नव्हे, पण क्रिस्टल पॅलेसशी तिचं रक्ताचं नातं आहे. रोलँड मेसन ऑर्डिश नावाच्या इंजिनिअरनं क्रिस्टल पॅलेसच्या कामात हात लावला होता, त्यानंच हिचा सांगाडा आखला. मालक जॉन वॉटसन, धंदा कापडाचा. लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतले, जहाजानं मुंबईत आणले आणि १८६७ ते १८६९ दरम्यान इथं जोडले. युक्ती तीच, पॅक्स्टनची. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो इथंच.

पुढं हॉटेल बंद पडलं. खोल्यांचे तुकडे पडले, वकिलांची ऑफिसं आली, भाडेकरू आले. वापर होता, पण दुरुस्तीचा खर्च कोण करणार यावर घोडं अडलेलं. २००५ मध्ये बाल्कन्यांचा काही भाग कोसळला. पुढच्याच वर्षी धोक्यातल्या जागतिक वारशाच्या एका नामांकित यादीत तिचं नाव आलं. तरी २०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढायची वेळ आलीच. पाडायची की वाचवायची, यावर तज्ज्ञांतही दोन तट पडले. तिच्याखालून जाताना लोखंडी खांब नक्की बघा. लंडनच्या त्या मांडवाची भावकी आहे ती.

तिथून लोकलनं भायखळ्याला जाऊ. राणीच्या बागेजवळचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. त्याचा जन्मच एका जागतिक प्रदर्शनातून झालाय. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल आणि कारागिरीच्या वस्तू गोळा केल्या होत्या. पाठवताना कुणीतरी शहाणपणा केला : प्रत्येक वस्तूची दुसरी प्रत मुंबईत ठेवायची. आमच्या भाषेत, बॅकअप. हा बॅकअप फोर्टमधल्या टाऊन बॅरॅक्समध्ये मांडला गेला. तेवढ्यात १८५७ आलं. बॅरॅक्स सैनिकांना हवी झाली, वस्तू घाईघाईनं बाहेर काढल्या आणि त्यात बरंच नासलं.

विषय तिथंच संपला असता. पण जॉर्ज बर्डवूड, भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट ही मंडळी पेटली. संग्रह पुन्हा जमवायचा आणि त्याला स्वतःची इमारत द्यायची, असं ठरलं. वर्गणी निघाली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. तो काळ कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत यादवी युद्ध, त्यामुळं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला, वर्गणीही आटली. कापसाच्या भावावर गाव उठतं आणि गाव बसतं, हे इचलकरंजीच्या माणसाला समजावून सांगायला नको. शेवटी सरकारच्या मदतीनं काम तडीस गेलं आणि २ मे १८७२ ला संग्रहालय उघडलं.

पॅरिसमध्ये ज्या महालात ते प्रदर्शन भरलं होतं, तो १९०० च्या प्रदर्शनाला जागा करण्यासाठी पाडला. तिथला मांडव गेला, इथं बॅकअपसाठी बांधलेलं घर उभं आहे. तेही आपोआप नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी त्याची दुर्दशा झाली होती. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले, डागडुजी झाली, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं.

आता उलटं उदाहरण. १९७२ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानात 'एशिया ७२' हा मोठा व्यापार मेळा भरला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती. त्यासाठी आर्किटेक्ट राज रेवाल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांनी हॉल ऑफ नेशन्स बांधला. मध्ये एकही खांब नाही, आणि त्रिकोणी जाळीचा सगळा सांगाडा काँक्रीटचा. अशी जाळी खरं तर पोलादात करतात. पण देशात पोलादाची टंचाई होती, म्हणून आपल्या कामगारांनी ती जागेवरच काँक्रीट ओतून घडवली. त्यानंतर तिथं वर्षानुवर्षं प्रदर्शनं भरत राहिली.

२०१७ मध्ये मी बीटेकला होतो. २३ एप्रिलच्या रात्री तो हॉल पाडल्याची बातमी आमच्या सिव्हिलच्या पोरांच्या ग्रुपवर आली. वारसा म्हणून विचार व्हायला इमारत साठ वर्षांची लागते, आणि ही पंचेचाळिशीची. त्या मैदानावर आता भारत मंडपम आहे, जी-२० परिषद झाली ते.

इथं मी थबकलो. वापर नव्हता म्हणून जुन्या इमारती जातात, असं मी धरून चाललो होतो. पण हॉल ऑफ नेशन्सला वापर होता. वॉटसन्समध्ये तर माणसं राहत होती. मग कमी काय पडलं?

आयफेल टॉवर बघा. १८८९ च्या प्रदर्शनासाठी बांधला, परवाना वीस वर्षांचा. मुदत संपली की तो उतरवायचा, हे ठरलेलं. गुस्ताव आयफेलनं हातावर हात ठेवून वाट बघितली नाही. त्यानं वर हवामानाची निरीक्षणं सुरू केली, बिनतारी संदेशाच्या प्रयोगांना टॉवर खुला केला. १९०९ उजाडेपर्यंत तो लष्कराला इतका उपयोगी झाला होता की उतरवायचा विषयच मागे पडला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. दोन दिवसांसाठी लिहिलेला टेम्पररी कोड दहा वर्षं चालतो, कारण कुणीतरी त्याच्यावर अवलंबून असतं आणि कुणीतरी त्याची देखभाल करत असतं. दोन्ही लागतात. नुसते वापरणारे असले आणि देखभालीला मालक नसला, की वॉटसन्स होतं. मालक आहे, पण त्याला त्या जागी दुसरंच काही हवंय, की हॉल ऑफ नेशन्स. भाऊ दाजींच्या संग्रहालयाला दोन्ही मिळालं, तेही दोनदा. म्हणून ते आहे.

"नको, पाडू नका" म्हणताना मी या दोन्हीपैकी काहीच देत नव्हतो. पुण्यात बसून नुसता जीव अडकवून ठेवला होता.

म्हणून मी बाबांना फोन केला. म्हटलं, पहिलं म्हणजे पावसाळ्याआधी पत्रे बदलू, पैसे माझे. दुसरं, आपल्या गल्लीतल्या एक मावशी शिलाईची चार मशीन टाकायला जागा शोधतायत, त्यांना विचारा. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विचारतो. पण भिंतीला चुना मारावा लागंल."

मी म्हटलं, मारा. फक्त पेन्सिलचे हिशोब आहेत तेवढी भिंत सोडा.

तुमच्या गावातही असा एखादा उठलेल्या जत्रेचा मांडव असेल. बंद गिरणी, जुनं थिएटर, ओस पडलेलं गोडाऊन. त्याचा फोटो पाठवा, आणि सोबत एवढं लिहा : त्याचे पत्रे कोण बदलणार? भेटू पुढच्या भागात.