अडीचकीच्या पायावर

मन आणि म्हैस नद्यांच्या काठचा बाळापूरचा किल्ला एलिचपूरच्या इस्माईल खानाने १७५७ मध्ये पूर्ण केला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, देशात दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै हा हिशेब बाळापूरच्या बाजारातूनही हळूहळू गेला. त्याच्या मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे शाळेतून गेले. अडीच आणे शेर भावाने सात शेरांचे किती? अडीचकी पाठ असलेला मुलगा पाटीला हात न लावता सांगे : साडेसतरा आणे, म्हणजे एक रुपया दीड आणा.

गंमत अशी, की त्याच १९५७ साली हंगेरीचे गणिती आल्फ्रेद रेन्यी यांनी अपूर्णांकाच्या पायावर संख्या लिहिण्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. जॉर्ज बर्गमन या अमेरिकी शाळकरी मुलाचा सुवर्ण गुणोत्तराच्या पायावरील लेखही त्याच वर्षीचा.

रेन्यींची कृती आपल्या मुलांना सहज जमेल. पाया अडीच घेऊ. संख्येला अडीचकी लावायची, पूर्णांक अंक म्हणून लिहायचा आणि उरलेल्या अपूर्णांकाला पुन्हा अडीचकी लावायची. अर्ध्याची अडीचपट सव्वा. अंक १, उरला पाव. पावाची अडीचपट ५/८; अंक ०. पुढे उरतात ९/१६, १३/३२, १/६४. म्हणून अर्धा म्हणजे ०.१०१११…. दर पायरीला छेद दुप्पट होतो आणि अंश विषमच राहतो. त्यामुळे तीच बाकी पुन्हा येत नाही. साधा अर्धा, पण त्याचे अंक संपतही नाहीत आणि आवर्तीही होत नाहीत! दहाच्या पायावर कोणत्याही अपूर्णांकाची अशी गत होत नाही.

या पायाला ०, १, २ हे अंक लागतात. त्यांतला २ वर्ज्य केला तर ० ते २/३ या पट्ट्यात ४/१५ पासून २/५ पर्यंत मोकळी जागा पडते. उरलेल्या दोन तुकड्यांतही तशीच फट, त्यांच्या तुकड्यांतही तशीच. शेवटी बिंदूंची धूळ उरते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी अशा संचांना मिती दिली. 'फ्रॅक्टल' हे नाव मांडेलब्रॉ यांनी १९७५ मध्ये रूढ केले. येथे एकूण संचाच्या १/२.५ आकाराच्या दोन प्रती आहेत. म्हणून २.५ चा जो घात २ देतो तीच मिती, सुमारे ०.७५६. रेषेहून कमी, बिंदूहून जास्त.

दिडकीचे मात्र उलटे. ० आणि १ एवढ्याच अंकांनी तेथे ० ते २ हा पट्टा पूर्ण भरतो, आणि दोन्ही तुकडे २/३ ते ४/३ मध्ये एकमेकांवर चढतात. तेथील संख्येचा पहिला अंक ० घ्या वा १, दोन्ही चालतात. १९९० मध्ये एर्डश, जो आणि कोमोर्निक यांनी सिद्ध केले, की सुवर्ण गुणोत्तराहून (१.६१८…) लहान पाया असेल तर पट्ट्याच्या आतील प्रत्येक संख्या अगणित प्रकारे लिहिता येते.

औटकी विद्यार्थ्यांसाठी ठेवतो. साडेतीनच्या पायावर ०, १, २ एवढेच अंक घेतले तर मिती सुमारे ०.८७७ येते. त्यांत ३ मिळवला की फटी का बुजतात, हे त्यांना कागदावर पट्टी आखून शोधू द्यावे.