शिरपामाळाची तळटीप

* शिरपामाळ : जव्हारजवळचा माळ. सुरतेच्या स्वारीवर जाताना 1664 मध्ये शिवाजी महाराज इथे थांबले होते, असे परंपरा सांगते. माळावरून दिसणारे रान पाहुण्याला देखावा वाटते. परिसरातल्या वारल्यांसाठी ते नात्यातले आहे. लग्नघरी सवासिनी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवीभोवती माणसांहून कितीतरी उंच झाडे असतात, क्षितिजाची रेघ मात्र नसते. पाहणारा रानाच्या आतच उभा असतो. याला निव्वळ सजावट म्हणणे अन्याय आहे. पावसाळ्यातली कोवळी रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही, वाघदेवाला शेंदूर लावायचा, हे नेमही त्याच नजरेतून आलेले आहेत. – संपा.