हरित विद्रावकांद्वारे ग्रॅफीननिर्मिती

ग्रॅफाइटादी स्तरित स्फटिकांचे पापुद्रे द्रवात सुटे करून अणुमात्र जाडीची द्रव्ये मिळविण्याची जी पद्धती 2008 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील जोनाथन कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, तीत ग्रॅफाइटाची भुकटी विद्रावकात घालून श्राव्यातीत तरंगांनी घुसळतात आणि मग केंद्रोत्सारकात फिरवितात. न सुटलेले जाड कण तळाशी बसतात व वरच्या करड्या-काळ्या द्रवात ग्रॅफीन उरते. पापुद्रे पुन्हा चिकटू नयेत यासाठी विद्रावकाचा पृष्ठताण दर मीटरला 40 मिलिन्यूटनच्या आसपास असावा लागतो. सर्वांत निरुपद्रवी असे जे पाणी, त्याचा हा ताण सुमारे 72 असल्याने ते एकटे येथे कामी येत नाही. ही अट उत्तम पाळणारे एन-मिथिल-2-पायरोलिडोन गर्भास अपायकारक ठरल्याने युरोपीय संघात 2018 मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध जारी झाले. पर्यायांचा शोध तत्पूर्वीच सुरू होता, आणि सेल्युलोजापासून मिळणाऱ्या सायरीन या विद्रावकाने जुन्याच्या सुमारे दसपट संहतीचे ग्रॅफीन दिल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि केवळ वनस्पतिजन्य म्हणून एखाद्या द्रवास हरित म्हणणे उतावीळपणाचे होय. सायरीनचा उकळबिंदू 227° से. असल्याने ते पापुद्र्यांवरून काढून टाकण्यात उष्णता पुष्कळ खर्ची पडते, आणि तीव्र अम्ल वा अल्कली यांच्या सान्निध्यात ते टिकत नाही.